साचाखात्यातल्या माणसाची गिटार

बाबा, तुमच्या गिटारचे दोन्ही पिकअप गेले. आधी खालचा गेला, मग थोडे दिवस वरचा एकटा रडतरखडत चालला आणि गेल्या आठवड्यात तोही मुका झाला. उघडून बघितलं तर आतली केसासारखी तांब्याची तार हिरवी पडून जागोजाग तुटलेली. तुम्हीच मला सांगितलं होतं, तारांच्या खाली तो काळा तुकडा असतो ना, त्यात लोहचुंबक असतं, त्याला तार गुंडाळलेली असते. वरची तार हलली की ह्याला कळतं आणि हा जाऊन आवाज मोठा करणाऱ्या मशीनला, ॲम्प्लिफायरला, सांगतो. तो गेला की गिटार म्हणजे नुसतं लाकूड. आता माझ्यासमोर नव्या पिकअपच्या दोन जोड्या आहेत, दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत. एक ठेवायची, एक उद्या दुकानात परत द्यायची. एवढीशी गोष्ट. पण ह्या एवढ्याशा गोष्टीपायी मी आठवडाभर नीट जेवलेलो नाही, एका म्हाताऱ्या माणसावर हात उचलायच्या बेतात होतो, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आज प्रथमच कागद घेऊन तुमच्याशी बोलायला बसलोय.

ही गिटार तुम्ही संपाच्या आधी घेतलीत. गिरगावात कोणी आगबोटीवरच्या बँडमध्ये वाजवणारा होता, तो बोट सोडून गोव्याला आपल्या घरी परत चालला होता, त्याच्याकडून. आई सांगते, त्या दिवाळीत घरात साडी यायची होती, ती आली नाही, ही आली. तक्रार म्हणून नाही सांगत ती. हिंदमातावरून जाताना दुकानात टांगलेल्या साड्यांकडे बघते आणि मला म्हणते, "ती बघ, तुझ्या बापाशीची गिटार." मग स्वतःच हसते. तुम्ही तेव्हा साचाखात्यात होतात, एका छपराखाली शेकडो माग एकदम चालायचे तिथे. आठवडाभर साच्यावर आणि रविवारी ऑर्केस्ट्रात. चाळीत तुम्हाला कोणी नावाने हाक मारत नसे, गिटारवाले म्हणायचे. मग संप झाला. मला तो आठवत नाही, मी चालायला लागून फार दिवस झाले नव्हते. मला आठवता ते संपानंतरचे तुम्ही. गिरणीचा दरवाजा बंद तो बंदच राहिला, चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली, आणि तुम्ही गेला नाहीत, कारण ऑर्केस्ट्रा होता. आई लालबागच्या मसाल्याच्या डंखावर लागली. लोखंडी मुसळं दिवसभर खाली-वर, खाली-वर, मिरची कांडत राहायची. संध्याकाळी ती घरात आली की आधी आपण दोघं शिंकायचो, मग ती हसायची, मग चहा व्हायचा.

तेव्हाची एक दुपार आहे. आई कामावर गेलीय. तुम्ही खिडकीजवळच्या ट्रंकेवर बसलाय, गिटारची वायर जुन्या रेडिओला मागून जोडलेली. रेडिओचं ट्रेबलचं, म्हणजे आवाजाला धार आणायचं बटण तुम्ही पार शेवटपर्यंत फिरवलंय, गिटारची बटणंही पूर्ण उघडी. तुम्ही वाजवायला लागता आणि माझे दात शिवशिवतात. गॅलरीतून शेजारची काकी जाते. तुमच्या पाठीमागे उभी राहून म्हणते, "गिटार वाजयतत की पत्रो कापतत?" तुम्ही वळून बघत नाही, वाजवत राहता, चेहऱ्यावर असं सुख की मला वाटतं, बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, काय मोठा माणूस आहे. संध्याकाळी मी आईला सांगितलं तर ती दारातूनच ओरडली, "तुमच्या घोवाच्या घोरण्यापेक्षा बरा हा," आणि काकी आतून म्हणाली, "ता पण खरा." संपलं. त्या चाळीत भांडण इतपतच टिकायचं.

मी काही पुटपुटलो की तुम्ही चिडायचात. एकदा गणितात नापास झाल्याचं सांगायला आलो, मागे उभा राहिलो, हळू आवाजात सांगितलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, माफ केलं. रात्री जेवताना आईने विषय काढला तेव्हा तुम्ही माझी हनुवटी धरलीत, माझं तोंड दिव्याकडे वळवलंत आणि म्हणालात, "मागसून बोला नको म्हणान किती वेळा सांगलंय? तोंड हयसर करून बोल." नापास झाल्याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी साबणाच्या डबीचं झाकण कापून मला वाजवायला एक पातळ त्रिकोणी तुकडा करून दिलात, कडा फरशीवर घासून गोल केल्यात. मला वाटलं होतं मार मिळेल. आपल्या घरात सगळेच मोठ्याने आणि तोंडासमोर तोंड आणून बोलत. साच्यावर काम केलेल्यांच्या घरात सगळीकडे असंच होतं, म्हणून मला ते कधी वेगळं वाटलं नाही. बाप म्हटला की त्याच्याशी ओरडून बोलायचं असतं, अशीच माझी समजूत होती.

आणि मग तुम्ही रेडिओ बंद करून वाजवायला लागायचात तेव्हाचं एक. गिटार उचलून छातीवर घ्यायचात, मान वाकवून जबडा तिच्या लाकडाला टेकवायचात, डोळे मिटायचात. चाळीतली पोरं कॅरमबोर्ड हातात धरून तुमची नक्कल करायची. मला राग यायचा, मी मारामाऱ्या केल्यात त्यावरून. मला वाटायचं ती तुमची स्टाइल आहे. हाडातून ऐकत होतात तुम्ही. हे मला परवा कळलं.

ऑर्केस्ट्राने तुम्हाला बोलवायचं बंद केलं ते साल मला नीट आठवतं, कारण त्या गणपतीत तुम्ही निळा शर्ट इस्त्री करून घातलात आणि गॅलरीत टेम्पोची वाट बघत उभे राहिलात. टेम्पो आला नाही. दुसऱ्या दिवशीही निळा शर्ट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत कार्यक्रम सुरू झाला. तोच ऑर्केस्ट्रा, निवेदन करणारा तोच, गिटार दुसऱ्याच कोणाची. सगळी चाळ ऐकत होती. तुम्ही मान तिरकी करून आईला विचारलंत, "कसलो आवाज असा गे?" आई भाकरी थापत होती. तिने तोंड तुमच्याकडे केलं आणि नीट, सावकाश म्हणाली, "मिरवणूक असात." तुम्ही मान हलवलीत आणि शर्ट काढून खुंटीला लावलात. त्यानंतर दोन पावसाळे तुम्ही होतात. छाती भरत गेली, परळच्या हॉस्पिटलात खाटेवर तुम्ही डॉक्टरांच्या ओठांकडे बघत पडून असायचात, आणि ते बोलता बोलता कागदात मान घालायचे. मी दहा वर्षांचा होतो. ज्याचा तो ऑर्केस्ट्रा होता त्या ऑर्केस्ट्रावाल्याला एक दिवस गाठायचं, एवढंच मी हॉस्पिटलातून बरोबर घेऊन आलो.

माझं सांगायचं तर फार चांगलं नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. वर्गात मी एक शंका विचारली, सर म्हणाले आवाज खाली, मी म्हटलं माझा आवाज असाच आहे, ते म्हणाले मग बाहेर जा. मी बाहेर गेलो तो पुन्हा आत गेलोच नाही. आता हे लिहिताना वाटतं की मी खरंच नुसती शंका विचारली होती. पण दारावर लाथ मारली तीही मीच. त्याच वर्गात ती होती. वरळी कोळीवाड्यातली, तिची आई दादरच्या बाजारात मासळी विकते. तिच्याइतकं हळू बोलणारं कोणी मी पाहिलं नव्हतं. तिचं ऐकायला जवळ वाकावं लागे, आणि मला तेच पाहिजे होतं. ती एकदा म्हणाली, "तू माझ्याशी नेहमी भांडल्यासारखा का बोलतोस रे?" मी म्हटलं, "मी कुठे भांडतोय?" आणि ते असं म्हटलं की टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले. तिचं लग्न ठरलंय, येत्या रविवारी हळद आहे, आणि ज्या ग्रुपमध्ये मी वाजवतो त्याच ग्रुपला तिच्या भावाने बोलावलंय. ती स्वतः येऊन मला सांगून गेली. "वाजवायला येणार असशील तर ये. भांडायला येणार असशील तर येऊ नको. आणि गिटारने पण ओरडू नको." मी नुसती मान हलवली. बोललो असतो तर ओरडलो असतो. आणि नेमके त्याच आठवड्यात पिकअप गेले.

गिरगावच्या दुकानदाराने तुमची गिटार उलटीसुलटी करून बघितली. "माल जुना हाय. ह्याला जुना आवाजच पायजे." हल्ली सगळ्यांना जुना आवाज पाहिजे असतो, बाबा. गिरण्यांची धुराडी पाडून झाली, माझ्या वयाच्या पोरांनी जुनं काही ऐकलेलं नाही, आणि जुना आवाज नवा कोरा खोक्यात घालून विकायला येतो. त्याने दोन खोकी पुढे केली. "हे घे. गोल, गरम, लोणी. हळदीत वाजवशील तर बायका रडतील. आणि हे दुसरं पण जुन्याच पद्धतीचं, पण कडक. पातळ. पत्र्यासारखं." पत्रा म्हटल्यावर मी मान वर केली. म्हटलं, दोन्ही द्या, घरी लावून बघतो. तो म्हणाला, "शनिवारला एक परत आण. आणि सोल्डर सांभाळून काढ, तुझे हात लई गरम दिसतात."

म्हणजे मला कडक घ्यायला पाहिजे होतं, बरोबर ना? तुमचा आवाज तोच. पण ग्रुपमधला प्रत्येक जण म्हणत होता की जुन्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारी लोण्यासारख्या वाजायच्या. मी म्हटलं, माझ्या बापाची नव्हती. तेव्हा आमचा ढोलकीवाला, तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका वादकाचा पुतण्या, म्हणाला, "काका तर सांगायचा तुझ्या वडलांसारखा गोड हात नव्हता." मला वाटलं माझी खेचतोय. मग मी विचारत विचारत त्या ऑर्केस्ट्रावाल्याचा पत्ता काढला. दादरला, पोर्तुगीज चर्चच्या मागे. जाताना मी ठरवलं होतं, आधी आवाजाचं विचारायचं, मग बाकीचं.

खूप म्हातारा झालाय. लुंगीवर होता, सुनेने चहा आणला. तुमचं नाव घेतल्यावर त्याचे डोळे भरले, आणि मला त्याचाच राग आला. मी विचारलं, बाबांची गिटार कशी वाजायची. "लोणी," तो म्हणाला. मी म्हटलं, "काका, आमच्या घरात तर पत्रा कापल्यासारखी वाजायची." त्याने कप बशीत ठेवला.

"मशीन माझं होतं," तो म्हणाला. "स्टेजच्या मागे असायचं. तुझा बाप गिटारवर सगळं उघडून ठेवायचा. त्याला वरचे, बारीक तीक्ष्ण सूर ऐकूच जात नव्हते ना. साच्यांनी कान खाल्ले होते. म्हणून मी मशीनशी एक माणूस बसवायचो. ह्याने वाजवायला घेतलं की तो तिकडे ट्रेबल शून्यावर आणायचा. लोकांना गोड जायचं. रोज, प्रत्येक कार्यक्रमाला."

"बाबांना माहीत होतं?"

"छे."

"मग बंद का केलंत?"

"परळच्या मैदानात एकदा मशीन भाड्याचं होतं. त्याची बटणंच पुढे, तुझ्या बापाच्या हाताशी. त्याने सगळी फिरवली आणि सुरू केलं. बायकांनी पोरांचे कान झाकले. लोक शिट्ट्या मारायला लागले. आणि हा हसतोय, त्याला वाटलं शाबासकी आहे. आणखी जोरात वाजवतोय. मी स्टेजवर उभा होतो रे. मला बघवलं नाही."

मी उभा राहिलो. "सांगायचं ना मग. तोंडावर सांगायचं. मी बघितलंय त्यांना निळा शर्ट घालून उभे राहिलेले."

"बस खाली."

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" तोही ओरडला आता, म्हाताऱ्या घशाने. "गिरणी गेली होती त्याची. मी जाऊन सांगू, कान पण गेले म्हणून?"

सून दारात येऊन उभी राहिली. मी मूठ वळलेली होती, ती तशीच घेऊन खाली बसलो, आणि चहा प्यालो. थंड झाला होता. निघताना त्याने विचारलं, आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे, अजून डंखावर जाते.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एक वेगळंच सुरू झालं होतं. आम्ही ऐकला तो पत्रा. पण तुम्ही काय ऐकत होतात? वरचं सगळं कापलेलं, राहिलं ते गोल, गरम. म्हणजे लोणीच की. त्या ट्रंकेवर बसून तुमच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं ते त्याचं होतं. आणि समोरचे लोक ऐकत होते तेही तेच, कारण कोणीतरी मागे बसून बटण फिरवत होता. पत्रा फक्त आमच्यापुरता होता. मग मी कोणती जोडी लावू, बाबा? तुम्ही वाजवायचात ती, की तुम्हाला ऐकू यायची ती?

काल सकाळी लोण्याची बसवली. वाजवली. खरंच सांगतो, मला भरून आलं. वाटलं, पहिल्यांदा तुमच्या कानांच्या आत जाऊन बसलोय. रविवारी ही घेऊन जावं, ती हळद लावून बसलेली असेल, तिला कळेल की मला हळू बोलता येतं. आई कामाला निघायच्या गडबडीत होती, डबा भरत होती. म्हणाली, "पोत्यात घालून वाजयतस काय? काय एक कळणा नाय." मी म्हटलं, आई, हा जुना आवाज आहे. ती म्हणाली, "काय?" मी पुन्हा म्हटलं. "काय ता नीट बोल मरे, तोंडातल्या तोंडात नको."

मला वाटलं ती घाईत आहे. संध्याकाळी ती येईपर्यंत मी कडक जोडी बसवली. तुमच्यासारखं केलं, गिटारची बटणं पूर्ण उघडी, माझ्या छोट्या मशीनची ट्रेबल शेवटपर्यंत. आई चपला काढत होती. मी सुरू केलं आणि माझे दात शिवशिवले, अगदी तेव्हासारखे. शेजारच्या पोरीने गॅलरीतून कानांवर हात ठेवून दाखवले. आई आत आली, अंगाला मिरचीचा वास, येऊन माझ्यासमोर पाटावर बसली. चहाचं आधण ठेवलं नाही, पदर सोडून तोंड पुसलं आणि ऐकत राहिली. मला वाटलं आता म्हणेल बंद कर. ती म्हणाली, "आता बरा वाटता. तेंचो हात असोच गोड होतो."

मी वाजवणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तिने काहीतरी विचारलं असतं. इतकी वर्षं त्या लोखंडी मुसळांसमोर उभी आहे ती, तुम्ही साच्यांसमोर काढलीत त्यापेक्षा फार कमी वर्षं नाहीत ती. गेल्या काही महिन्यांत ती मला चिडून म्हणायला लागलीय, तू हल्ली पुटपुटतोस. मी, पुटपुटतो. मला वाटायचं, कोळीवाड्यातलीचं ऐकून मी सुधारलो.

कडक जोडी ठेवतोय, बाबा. लोण्याची खोक्यात भरून झाली. रविवारी हळदीला जाईन. मशीन माझंच असेल, ट्रेबल मीच शून्यावर ठेवीन, तिथल्या बायकांना गोडच जाईल. दुकानदार म्हणाला होता त्या लोण्याची सर त्याला येणार नाही, पण तिला भांडण वाटणार नाही इतपत होईल. घरी आलो की बटण पुन्हा शेवटपर्यंत.

आज सकाळी आईला सांगायला गेलो होतो. दवाखान्यात चल, कान दाखवूया, डंख सोड. सगळं वाक्य तयार होतं. ती मोरीशी पाठमोरी भांडी घासत होती, मी मागे उभा राहिलो आणि म्हटलं, "आई." ती घासत राहिली. मग मी पुढे जाऊन खाली बसलो, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं. तिने हात थांबवले, माझ्या ओठांकडे बघितलं. त्याने तुम्हाला तोंडावर सांगितलं नाही म्हणून दादरच्या त्या म्हाताऱ्याच्या घरातून मी दार आपटून निघालो होतो, हे तुम्हाला वर सांगायचं राहिलं. आईला मी एवढंच विचारलं, मोठ्याने, नीट, सावकाश, की रात्री जेवायला काय करतेस.